दान, दरबार आणि प्राप्तिकर



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावले की त्याने मधुमेहावर नाहीतर रक्तदाबावर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी इतिहासातला विषय मागून घेतला आणि संयोजकांनी तो दिला, याबद्दल त्यांचे आभार. विषय असा : माणूस दान देतो ते स्वतःच्या बुद्धीने, पण राज्यकर्त्याच्या धोरणाने ते वाढते का, आटते का, आणि कशाने?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, दवाखान्यात सापडला. आमच्या भागात एक छोटा ट्रस्ट धर्मादाय दवाखाना चालवतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी तिथे बसतो. प्राप्तिकर खात्याने काही वर्षांपूर्वी सगळ्या ट्रस्टना पुन्हा नोंदणी करायला लावली. आमच्या विश्वस्तांपैकी निम्मे सत्तरीच्या पुढचे. अर्ज भरण्यात चूक झाली, मुदत गेली, आणि ८०-जीची मान्यता काही काळ हातातून गेली. आमचे एक नेहमीचे देणगीदार, सज्जन गृहस्थ, म्हणाले, “डॉक्टर, पावतीवर वजावट मिळत नसेल तर यंदा जरा थांबतो.” त्याच आठवड्यात खेड्यातल्या एक आजी आल्या. औषध घेतले, आणि जाताना घडी घातलेली नोट पेटीत टाकली. नाव विचारले तर म्हणाल्या, “नाव कशाला? दिलं ते दिलं.”

दोघेही दातेच. पण सरकारच्या धोरणाला त्यातला एकच दिसतो. पूर्वी दरबाराला कोण दिसत होते, हे पाहावे म्हणून मी जुने कागद चाळू लागलो. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी आपण सर्वांनी पाहिली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधवली. इ. स. १२०४ चे इथले शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या काळी गावाचे नाव वेणुग्राम. या लेखांतून दिसते की मंत्र्याने देऊळ बांधले, राजाने त्याला जमिनीचे उत्पन्न लावून दिले, आणि त्यावर बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठरावीक लाग बसवून घेतली. त्या व्यापाऱ्यांत स्थानिक होते, लाट देशाचे म्हणजे गुजरातकडचे होते आणि मलयाळी मुलखातलेही होते.

यातली धोरणाची बाजू पाहा. त्या काळच्या कन्नड लेखांत ‘सर्वनमस्य’ असा शब्द येतो. दिलेली जमीन सर्व करांतून मोकळी, असा त्याचा अर्थ. म्हणजे राजा स्वतःचा महसूल सोडत होता. त्याने सोडल्यावर मागून व्यापारी आले. त्यांना कोणी वजावट दिली नव्हती. त्यांनी उलट स्वतःवर जादा पट्टी बसवून घेतली. आणि सगळा व्यवहार दगडावर कोरला गेला : कोणी दिले, किती दिले, कशासाठी दिले, आणि मोडणाऱ्याला कोणते पाप लागेल. राज्याने आपला वाटा उचलणे आणि दात्याच्या हेतूची उघड नोंद होणे, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्या पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

आता सहाशे वर्षे ओलांडून मुंबईला जाऊ. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि पारशी-हिंदू-जैन वस्तीत दंगा उसळला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिचा खर्च कसा चालला? व्यापाऱ्यांनी कापूस, साखर अशा मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतली. वेणुग्रामच्या पेठेतलीच पद्धत! सरकारच्या चुकीनेसुद्धा दान घडते, हा यातला गमतीचा भाग. पण धोरण म्हणून त्याची शिफारस मी करणार नाही.

याच जमशेटजींचे नाव ज्या रुग्णालयाला आहे, त्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, पण सरकारनेही तितकेच घालावेत अशा बोलीवर. कंपनी सरकारने ते मान्य केले. १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता खुला झाला. सरकारने पैसे नाहीत म्हणून हात वर केले होते. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांची अट एकच होती : या रस्त्यावर जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आजच्या टोलनाक्यांवर रांगेत उभे राहताना या बाईंची आठवण काढायला हरकत नाही.

इथे दाता सरकारला अट घालतो आहे, आणि सरकार ती पाळते आहे. त्या बदल्यात सरकारने काय दिले? मान. १८४२ मध्ये जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. ती मिळालेले ते पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेट. त्या पदव्यांची आज आपण थट्टा करतो, पण मुंबईच्या शेठ मंडळींवर त्यांचा परिणाम झाला, हे नाकारता येत नाही. त्याच पिढीत प्रेमचंद रायचंद होते. जैन, मूळ सुरतेचे, कापसाच्या तेजीतले बादशहा. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे नाव, राजाबाई. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात, १८६५ च्या मंदीत, शेठजींची सारी दौलत बुडाली होती. पण दिलेले दान विद्यापीठाच्या नावे सुरक्षित होते. धंद्यातले गेले, दिलेले उरले.

या साऱ्या दानांच्या वेळी प्राप्तिकरात दात्याला एका पैशाची सूट नव्हती. आपल्याकडे प्राप्तिकरच मुळी पहिल्यांदा १८६० मध्ये आला. १८८६ च्या कायद्याने धर्मादाय मिळकतीच्या उत्पन्नाला कर माफ केला. पण ती माफी संस्थेला होती, दात्याला नाही. टाटांचा सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा आणि सर दोराबजींचा १९३२ चा. तेव्हाही दात्याला वजावट नव्हती. ती पहिल्यांदा १९४८ मध्ये आली. म्हणजे देशातली काही सर्वांत मोठी दाने करसवलतीच्या आधीची आहेत.

मग सवलतीविना लोक कशाने देत होते? याचे उत्तर मला मुंबईपेक्षा कोल्हापुरात नीट सापडले, आणि तो आपल्या घरचा इतिहास आहे.

राजर्षी शाहू महाराजांपुढे प्रश्न होता की खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहील कुठे, जेवेल काय? सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, पण तिथे मागासलेल्या समाजांची मुले फारशी आलीच नाहीत. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, वीरशैव, मुसलमान, शिंपी, अस्पृश्य मानलेले समाज, अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. मुसलमानांच्या शिक्षण संस्थेचे १९०६ मध्ये महाराज स्वतः अध्यक्ष झाले, आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. धोरण साधे होते. दरबार जागा देई, इमारतीला हात लावी, वर्षाला काही अनुदान लावून देई. बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलायचा. आजही दसरा चौकात उभे राहिले की चहूकडे या इमारती दिसतात.

जैन समाजाने हा भार कसा उचलला, ते मी घरातून ऐकत आलो आहे. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. तोवर आमच्या समाजातले बहुतेक दान पूजेत जाई. उत्सवात अभिषेकाचे ‘सवाल’ होत, म्हणजे मान कोणाला याची बोली, आणि चढाओढीने रक्कम वाढे. सभेने लोकांना सांगितले की शास्त्रात दान चार प्रकारचे सांगितले आहे : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. मुलाला बोर्डिंगात ठेवून शिकवले तर त्यातली दोन एकदम साधतात. मुंबईचे जव्हेरी शेठ माणिकचंद हिराचंद यांनी बोर्डिंगांसाठी हात सैल सोडला. शेतकरी जैनांनी जोंधळा दिला. दरबाराची जागा, शेठजींचा पैसा आणि शेतकऱ्याचे धान्य, अशा तीन पायांवर ते काम उभे राहिले.

त्या बोर्डिंगात कोण राहिले? कुंभोजचा एक दांडगा मुलगा राहिला, आणि शिस्तीच्या कारणावरून त्याला बाहेरही काढले. तोच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले, आणि संस्थेचा चूल-खर्च बायाबापड्यांच्या मूठमूठ धान्यावर चालवला. पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यात घातले. एका दानाच्या पोटी दुसरे दान जन्माला येते ते असे, आणि कधीकधी पहिल्याची मर्यादा ओलांडून येते.

दरबाराच्या मदतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सभेचे आधारस्तंभ अण्णासाहेब लठ्ठे. १९१४ च्या सुमारास दरबाराशी त्यांचा बेबनाव झाला, तेव्हा ते कोल्हापूर सोडून आपल्या बेळगावात वकिली करायला आले. माणूस असा की नंतर शाहू महाराजांचे चरित्र त्यांनीच लिहिले, कोल्हापूरचे दिवाण झाले, आणि १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही. पण देणाऱ्या दरबाराची मर्जी फिरली की काय होते, हे त्यांनी अनुभवले होते. भाऊरावांनाही ते चुकले नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने ‘रयत’चे अनुदान बंद केले. गाडगे महाराजांसारख्यांनी शब्द टाकल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्या काळात संस्था मोडली नाही, कारण तिचा दुसरा पाय लोकांच्या मूठभर धान्यात रोवलेला होता. सरकारच्या एकाच पायावर उभी असती तर?

इंग्रजी मुलखातही असेच घडले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व आणले : खासगी संस्थेने शाळा काढावी, सरकारने खर्चाचा वाटा द्यावा. पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. आपल्या जिल्ह्यात शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली संपत्ती समाजाच्या मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने ठेवली. १९१६ मध्ये सात शिक्षकांच्या पुढाकाराने बेळगावात केएलई संस्था सुरू झाली, आणि १९३३ मध्ये निघालेल्या तिच्या कॉलेजला लिंगराजांचेच नाव दिले गेले. त्या कॉलेजात शिकलेल्या मराठी घरांची नावे सांगायला लागलो तर या सभागृहातल्या निम्म्या लोकांना उभे राहावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचा रोख बदलला. दोन कायदे महत्त्वाचे.

पहिला, १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. ट्रस्टांची नोंद, हिशेबतपासणी आणि वर धर्मादाय आयुक्त. १९५६ मध्ये आपण म्हैसूर राज्यात गेलो तरी हा मुंबईचा कायदा आपल्याकडे बरीच वर्षे चालू राहिला. राज्य बदलले, पाट्या बदलल्या, पण ट्रस्टचे दप्तर मुंबईच्याच कायद्याचे! या कायद्याविरुद्ध रतिलाल पानाचंद गांधी हे जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि त्यांच्याबरोबर पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालाने तोल राखला. नोंदणी, हिशेब आणि त्यासाठीची वर्गणी योग्य. पण धर्मादाय आयुक्ताने स्वतः धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त होऊन बसणे, किंवा दात्याचा मूळ हेतू पुरा करता येत असताना पैसा दुसरीकडे वळवणे, हे घटनेत बसत नाही. १२०४ च्या दगडावर जे शापाच्या भाषेत लिहिले होते, तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले : दात्याचा हेतू मोडू नये. माणूस आपल्या मरणानंतरच्या काळासाठी देतो तो एवढ्याच भरवशावर.

दुसरा, १९६१ चा प्राप्तिकर कायदा आणि त्यात १९६८ पासून लागू झालेले कलम ८०-जी. यात दात्याला, बहुतेक संस्थांच्या बाबतीत, देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. हिशेब करून पाहू. तीस टक्के दराने कर भरणाऱ्याने हजार रुपये दिले, तर पाचशेची वजावट आणि दीडशे रुपये कर वाचला. अधिभार सोडून देऊ. पाच टक्केवाल्याचे पंचवीस रुपये वाचले. कर न भरणाऱ्याचे काहीच नाही. माझ्या आजींची नोट पुरीच्या पुरी त्यांची, आणि शेठजींच्या हजारात दीडशे रुपये तुमचे-माझे. मी वजावटीच्या विरुद्ध नाही. तिने मध्यमवर्गाला पावती घेऊन, नाव लावून देण्याची सवय लावली, हिशेब उजेडात आणले. पण तिला पोते भरून जोंधळा दिसत नाही, कारण वस्तूरूप दानाला ती लागू नाही. २०१७ पासून दोन हजारांवरची रोख देणगीही तिच्या बाहेर आहे.

आणखी दोन गोष्टी. १९६२ नंतर एका विशिष्ट धर्मसमाजासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला करमाफी मिळत नाही. हेतू चांगला आहे. दान सर्वांसाठी असावे, हे भाऊरावांनीच आम्हाला शिकवले. पण शाहू महाराजांची बोर्डिंगे आज नव्याने काढायची म्हटली, तर मागास वर्गांची सोडून बाकीची या नियमात अडकली असती. आधी आपल्या माणसांसाठी, मग सर्वांसाठी, अशी दानाची वाट पुष्कळदा घरातून निघून चावडीपर्यंत जाते. कायदा तिला चावडीवरूनच सुरू व्हायला सांगतो. दुसरे, २००६ पासून निनावी देणगीवर मर्यादेपलीकडे तीस टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक ट्रस्टला त्यातून सूट आहे, दवाखान्याला नाही. काळा पैसा रोखण्यासाठी ते केले, हे मला समजते. पण गुप्तदान हे आपल्याकडे श्रेष्ठ दान मानतात. देवळाच्या पेटीतले गुप्तदान चालते, आणि औषधाच्या पेटीतले वाढले तर संशयित ठरते, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

आता तर वजावटच मागे पडत चालली आहे. २०२० च्या नव्या करपद्धतीत ८०-जी नाही, आणि २०२३-२४ पासून तीच पद्धत मूळ धरली जाते. कंपन्यांवर मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन आले. त्यातून मोठी कामे होतात, पण ते बंधन आहे. त्याला दान म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि तो पैसा ज्यांच्याकडे कागदपत्रे करणारी माणसे आहेत अशा मोठ्या संस्थांकडे जातो, आमच्यासारख्या दवाखान्याकडे क्वचितच.

तेव्हा या आठशे वर्षांतून मी काय घेतले? आम्ही होमिओपॅथीवाले रोग्याचा पूर्वेतिहास फार विचारतो, लोक त्याला कंटाळतात. पण औषध तिथेच सापडते. सरकारच्या धोरणाने दान वाढले ते मुख्यतः चार वेळा : राज्याने आपला वाटा आधी उचलला तेव्हा, दात्याचा हेतू सुरक्षित राहील अशी हमी दिली तेव्हा, दात्याला उघड मान दिला तेव्हा, आणि समाजाला जागा देऊन काम त्याच्या हाती सोपवले तेव्हा. करसवलत ही पाचवी. ती उपयोगी आहे, पण पहिल्या चारांची जागा ती घेऊ शकत नाही. दान आटले ते मर्जी फिरली तेव्हा, आणि नियम इतके वाढले की छोट्या माणसाला देणे आणि छोट्या संस्थेला घेणे अवघड झाले तेव्हा.

म्हणून माझी मागणी सवलतीचे टक्के वाढवण्याची नाही. सरकारने छोट्या ट्रस्टसाठी एकपानी, मराठी-कन्नडात भरता येईल असा अर्ज करावा. चूक झाली तर दंड घ्यावा, पण मान्यता तोडू नये. धर्मादाय दवाखाना आणि वसतिगृह यांना लोकांनी दिले तितके सरकारने घालावे, जमशेटजींच्या वेळी कंपनी सरकारने घातले तसे. परक्या कंपनीला जे जमले ते आपल्या सरकारला जमू नये का?

आणि काही मागणी आपल्याकडेही आहे. वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी आपले दान चारचौघांना वाचता येईल अशा दगडावर कोरले. आपल्या किती ट्रस्टचे हिशेब बाहेर फळ्यावर लागतात?

आमच्या दवाखान्याची गोष्ट पुरी करतो. मान्यता नव्हती त्या काळात बंद करावा की काय, यावर विश्वस्तांची बैठक झाली. मी त्या दिवशी हिशेबाची वही घेऊन बसलो. मोठ्या देणग्या निम्म्याहून खाली आल्या होत्या. पेटीतली रक्कम मात्र जवळजवळ आधीच्या वर्षाइतकीच होती. वही सगळ्यांच्या हातातून फिरली आणि बंद करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आम्ही दरमहाचा हिशेब दारावरच्या फळ्यावर लिहायला लागलो. पुढे मान्यता परत मिळाली, ते सज्जन गृहस्थही परत आले, आणि फळा वाचून म्हणाले, “डॉक्टर, हे आधीच लावायला हवं होतं.” त्यांचे खरे होते.